आंतरराष्ट्रीय पर्यावरण करार आणि वैद्याचे औषधिभांडार

प्रास्ताविक

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय, म्हणजे जनपदोद्ध्वंसनीय विमान, आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासला आहे. पांचाल देशातील काम्पिल्य नगरीजवळ, गंगेच्या तीरी विहार करीत असता भगवान पुनर्वसू आत्रेय आपल्या शिष्याला, अग्निवेशाला, भावी संकटाची पूर्वसूचना देतात. अग्निवेशाची शंका मार्मिक आहे. माणसांची प्रकृती, आहार, देह, बल, सात्म्य, सत्त्व आणि वय ही सारी भिन्न असताना एकाच काळी एकाच व्याधीने संपूर्ण जनपद कसे नष्ट होते? आत्रेयांचे उत्तर असे की, माणसामाणसांत भेद असला तरी वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव सर्वांना सामान्य आहेत. ते विकृत झाले की भेद उरत नाही.

याच अध्यायातील आणखी एका सूचनेकडे मात्र आपले लक्ष क्वचित जाते. भूमी विरस होण्यापूर्वी, औषधींचे रस, वीर्य, विपाक व प्रभाव नष्ट होण्यापूर्वी त्यांचा संग्रह करून ठेवावा, असे आत्रेय शिष्यास सांगतात. म्हणजे पर्यावरणाची विकृती केवळ रोग निर्माण करून थांबत नाही, ती रोगावरील औषधही हिरावून नेते, हे आचार्यांनी जाणले होते.

आज वायू आणि उदक यांना राष्ट्रांच्या सीमा कळत नाहीत. हिमालयातील कंद एका देशात उपटला जातो, दुसऱ्यात कुटला जातो आणि तिसऱ्यात रुग्णाच्या हाती पडतो. अशा सामान्य भावांचे रक्षण कोण्या एका राज्याच्या कायद्याने होत नाही. त्यासाठी राष्ट्राराष्ट्रांत करार व्हावे लागतात. हे करार म्हणजे मंत्री व मुत्सद्दी यांचा विषय, वैद्याचा त्याशी काय संबंध, असा प्रश्न अनेकांच्या मनात येतो. तो संबंध किती निकटचा आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सीमेपलीकडील दायित्वाची कल्पना

कॅनडातील ट्रेल या गावी जस्त व शिसे शुद्ध करणारा मोठा कारखाना होता. त्यातून निघणारा गंधकाचा धूर सीमा ओलांडून अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील शेतांची व वनांची हानी करू लागला. दोन्ही देशांनी नेमलेल्या लवादाने १९४१ साली अंतिम निवाडा दिला. आपल्या भूमीचा वापर अशा रीतीने करण्याचा अधिकार कोणत्याही राष्ट्रास नाही की ज्यायोगे शेजारच्या भूमीस धुरामुळे गंभीर इजा होईल, असा त्याचा आशय होता. पुढे जून १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी पर्यावरण परिषदेने हेच तत्त्व व्यापक स्वरूपात मांडले. प्रत्येक राष्ट्रास आपल्या साधनसंपत्तीवर सार्वभौम हक्क आहे, परंतु तिच्या वापराने सीमेपलीकडे हानी होऊ न देण्याची जबाबदारीही त्याच्यावर आहे. आजचे बहुतेक पर्यावरण करार हक्क आणि जबाबदारी यांच्या या जोडीवर उभे आहेत.

कराराची कार्यपद्धती थोडक्यात अशी असते. प्रथम मसुदा संमत होतो व राष्ट्रे स्वाक्षरी करतात. स्वाक्षरी हा केवळ संकल्प होय. त्यानंतर प्रत्येक राष्ट्र अनुसमर्थन करते, तेव्हाच ते बांधले जाते. ठरलेल्या संख्येने अनुसमर्थने झाली की करार अमलात येतो. पुढे पक्षराष्ट्रांची परिषद ठरावीक काळाने भरते आणि परिशिष्टांत भर घालते वा बदल करते. म्हणून करार हा एकदाच लिहिलेला ग्रंथ नसून चालू राहणारी प्रक्रिया आहे. आपल्या देशात संविधानाच्या अनुच्छेद २५३ अन्वये अशा करारांच्या अंमलबजावणीसाठी संसदेस कायदा करता येतो. वैद्याच्या दारी येतो तो हा देशी कायदा. मूळ करार सहसा त्याच्या दृष्टीस पडत नाही.

आरोग्यवर्धिनी : अभ्यासासाठी एक उदाहरण

विषय स्पष्ट व्हावा म्हणून आपल्या नित्य वापरातील एकच कल्प घेऊ. रसरत्नसमुच्चयातील आरोग्यवर्धिनी गुटी ठाऊक नाही असा वैद्य विरळा. यकृद्विकार, कुष्ठ, मेदोरोग अशा अनेक अवस्थांत आपण ती योजतो. तिच्यात पारद व गंधक, लोह, अभ्रक व ताम्र यांची भस्मे, त्रिफळा, शिलाजतू, गुग्गुळ व चित्रक ही द्रव्ये आहेत. या सर्वांच्या एकत्रित वजनाइतकी कुटकी घेऊन निंबपत्रस्वरसाची भावना द्यावयाची असते. म्हणजे भावना सोडल्यास कल्पाचा निम्मा भाग एकट्या कुटकीचा आहे.

या एका गुटीत तीन आंतरराष्ट्रीय करारांचा संबंध येतो. कुटकी वन्यजीव व्यापाराच्या करारात आहे, पारद मिनामाता करारात आहे, आणि वनातून येणारी द्रव्ये व त्यांविषयीचे ज्ञान जैवविविधता करारात आहे. आता एकेकाचा विचार करू.

१. कुटकी आणि सायटीस करार

संकटग्रस्त वन्य प्राणी व वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करार ३ मार्च १९७३ रोजी वॉशिंग्टन येथे स्वाक्षरीस आला व १ जुलै १९७५ पासून अमलात आला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास 'सायटीस' म्हणतात. भारत १९७६ पासून त्याचा पक्ष आहे. या करारास तीन परिशिष्टे आहेत. पहिल्यात नामशेष होण्याचा धोका असलेल्या जाती येतात. वन्य अवस्थेतून गोळा केलेल्या अशा जातींचा व्यापारी हेतूने होणारा आंतरराष्ट्रीय व्यवहार निषिद्ध आहे. दुसऱ्यात अनिर्बंध व्यापार झाल्यास संकटात येऊ शकणाऱ्या जाती येतात. त्यांच्या निर्यातीस परवाना लागतो, आणि या निर्यातीने वन्य अवस्थेतील त्या जातीस अपाय होणार नाही असा शास्त्रीय प्राधिकरणाचा निर्वाळा त्यापूर्वी लागतो. तिसऱ्यात एखाद्या देशाने आपल्याकडील जातीच्या रक्षणासाठी इतरांचे साहाय्य मागितलेले असते.

आपल्या निघंटूतील अनेक नावे या परिशिष्टांत आढळतात. कुष्ठ, म्हणजे सॉस्यूरिया कॉस्टस, प्रथम दुसऱ्या परिशिष्टात होते. १९८५ साली ते पहिल्यात गेले. सर्पगंधा १९९० पासून, रक्तचंदन १९९५ पासून, तर जटामांसी व कुटकी १९९७ च्या हरारे येथील परिषदेनंतर दुसऱ्या परिशिष्टात आहेत. अगरूही दुसऱ्यात आहे. जांगम द्रव्यांपैकी कस्तुरीमृगाची भारत, नेपाळ, भूतान आदी देशांतील संख्या पहिल्या परिशिष्टात आहे.

हे कसे घडले याचे सर्पगंधेइतके बोलके उदाहरण नाही. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटनमधील हृद्रोगविषयक नियतकालिकात उच्च रक्तदाबावरील सर्पगंधेच्या उपयोगाविषयी निबंध प्रसिद्ध केला. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळापासून रिसर्पिन हे अल्कलॉइड वेगळे करण्यात आले. पाहता पाहता जगभरातून मुळांना मागणी आली. सर्पगंधेचे उपयुक्तांग मूळ असल्याने मागणी पुरविणे म्हणजे झाड उपटणे हाच अर्थ होता. औषधाची कीर्ती हीच वनस्पतीची आपत्ती ठरली.

कुटकीचेही तसेच आहे. ती हिमालयाच्या उंच, शीत पट्ट्यात वाढते. तिचा कंद उपयोगी येण्यास काही वर्षे लागतात आणि तो काढताना बहुधा संपूर्ण वनस्पती उपटली जाते. येथे नावाचा घोळही लक्षात घ्यावा. करारात नोंदलेली जाती पिक्रोऱ्हायझा कुर्रोआ ही आहे. नेपाळच्या बाजूची कुटकी मुख्यत्वे नियोपिक्रोऱ्हायझा स्क्रोफ्युलॅरीफ्लोरा या वेगळ्या जातीची असून ती करारातील नोंदीतून वगळलेली आहे. बाजारात मात्र दोन्ही 'कुटकी' याच नावाने एका पोत्यात येतात. वनस्पतीचे शास्त्रीय नाव ही केवळ परीक्षेपुरती पाठ करण्याची गोष्ट नाही, हे यावरून ध्यानात यावे.

कराराच्या टिपांनुसार कुटकी, जटामांसी व सर्पगंधा यांच्या बाबतीत किरकोळ विक्रीसाठी वेष्टनबंद केलेली तयार औषधे नियंत्रणातून वगळली आहेत. कच्ची मुळे, चूर्ण आणि घनसत्त्व मात्र नियंत्रणात आहेत. कुष्ठ पहिल्या परिशिष्टात असल्यामुळे त्यास ही सवलत नाही. लागवडीतून आलेले कुष्ठ दुसऱ्या परिशिष्टातील जातीप्रमाणे मानले जाते, परंतु तसे अधिकृत प्रमाणपत्र लागते. परदेशी असलेल्या मराठी रुग्णासाठी नातेवाईक महानारायण तैलाची बाटली पाठवितात, तेव्हा घटकांच्या यादीतील 'कुष्ठ' या एका शब्दावरून ती सीमाशुल्क कार्यालयात अडकू शकते. रुग्णास हे आधी सांगणे आपले काम आहे.

गुग्गुळाविषयी येथेच एक खुलासा करावा. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत गुग्गुळाचा समावेश 'अत्यंत संकटग्रस्त' या गटात आहे. लाल यादी हा करार नव्हे. ती शास्त्रज्ञांनी दिलेली धोक्याची सूचना आहे आणि तिच्या आधारे कोणाचा माल जप्त होत नाही. तथापि अधिक डिंकाच्या लोभाने खोल चिरा देऊन झाडे मारली जात असतील, तर कायद्याच्या आधी वनस्पतीच आपल्याला सोडून जाईल.

२. पारद आणि मिनामाता करार

जपानच्या क्यूशू बेटावर मिनामाता नावाचे किनाऱ्यावरील गाव आहे. तेथील रासायनिक कारखान्याचे पारदयुक्त सांडपाणी अनेक वर्षे उपसागरात सोडले जात होते. त्यातील मिथिल-पारद माशांत साठले व माशांवाटे माणसांत आले. १९५६ साली या व्याधीची अधिकृत नोंद झाली. हातापायांना बधिरता, चालताना तोल जाणे, दृष्टीचा संकोच, वाणीदोष अशी लक्षणे होती. गर्भावस्थेत विषबाधा झालेली बालके जन्मतः विकल होती. कारण शासनाने अधिकृतपणे मान्य करण्यास १९६८ साल उजाडावे लागले.

पारदाची वाफ वातावरणातून दूर जाते, परदेशी भूमीवर व जलाशयांत उतरते. म्हणून हा प्रश्न एका देशाचा राहत नाही. १० ऑक्टोबर २०१३ रोजी जपानमधील कुमामोतो येथे या गावाच्याच नावाने करार संमत झाला. तो १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आला आणि भारताने १८ जून २०१८ रोजी त्याचे अनुसमर्थन केले. नव्या पारदखाणींस बंदी, जुन्या खाणी ठरावीक मुदतीत बंद करणे, आयात करणाऱ्या देशाच्या लेखी संमतीविना पारदाचा व्यापार न करणे, तसेच पारदयुक्त तापमापक, रक्तदाबमापक, विद्युत्घट यांसारख्या वस्तूंचे उत्पादन थांबविणे या त्यातील प्रमुख तरतुदी होत.

रसशास्त्राचे काय, हा प्रश्न आता स्वाभाविक आहे. कराराच्या पहिल्या परिशिष्टात पारंपरिक व धार्मिक प्रथांमध्ये वापरल्या जाणाऱ्या वस्तू बंदीतून वगळल्या आहेत. ही सवलत आपल्याला दिलासा देणारी असली तरी तिचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. एक तर ती वस्तूच्या बंदीपुरती आहे, कच्च्या पारदाच्या पुरवठ्याची हमी देणारी नाही. भारतात पारद खाणीतून निघत नाही, तो आयात होतो. युरोपीय संघाने २०११ साली व अमेरिकेने २०१३ साली पारदाची निर्यात थांबविली आहे. दुसरे असे की, परिशिष्टे बदलतात. २०२३ च्या पक्षपरिषदेत पारदयुक्त सौंदर्यप्रसाधनांना असलेली अल्पमात्रेची मुभा काढून टाकण्याचा निर्णय झाला. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही सवलत औषधाच्या निर्धोकपणाचे प्रमाणपत्र नव्हे. करार पर्यावरणाच्या दृष्टीने विचार करतो. कल्प निर्धोक आहे हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावरच आहे.

डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध झाला. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारद वा आर्सेनिक आढळल्याचे त्यात नमूद होते. आपल्याकडे त्यावर संताप व्यक्त झाला. शोधन-मारण झालेली रसौषधी आणि अनवधानाने दूषित झालेले काष्ठौषधी यांत त्या निबंधाने भेद केला नाही, हा आक्षेप योग्यच होता. परंतु आक्षेप घेणे आणि उत्तर देणे यांत अंतर आहे. निर्यातीच्या काष्ठौषधींसाठी जानेवारी २००६ पासून जड धातूंची तपासणी सक्तीची झाली, हे उत्तराचे पहिले पाऊल होते. रसकल्पांच्या बाबतीत प्रत्येक घाण्याची नोंद, भस्मपरीक्षा व प्रयोगशाळेतील विश्लेषण यांखेरीज दुसरे उत्तर असू शकत नाही. औषधिनियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये पारद व हिंगूळ यांचा समावेश आहे. पोटात घ्यावयाच्या अशा कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना अनिवार्य आहे, याचेही विस्मरण होऊ नये.

हिंगुळातून ऊर्ध्वपातनाने पारद काढताना वा कज्जली खलताना रसशाळेतील कारागीर सर्वप्रथम धोक्यात असतो. आपल्या ग्रंथांनी पारदाच्या दोषांचे वर्णन केले, अष्टसंस्कार सांगितले, ते भय जाणूनच. बंद यंत्र, हवेशीर जागा, सांडलेल्या पाऱ्याचे संपूर्ण संकलन हा आजचा आचार त्याच विवेकाचा विस्तार आहे.

३. ज्ञानाचा वाटा : जैवविविधता करार

१९९२ साली रिओ येथील वसुंधरा परिषदेत जैवविविधता करार स्वाक्षरीस ठेवला गेला. २९ डिसेंबर १९९३ पासून तो अमलात आला. जैवविविधतेचे संवर्धन, तिचा टिकाऊ वापर आणि तिच्यापासून होणाऱ्या लाभाची न्याय्य वाटणी हे त्याचे तीन हेतू आहेत. तिसऱ्या हेतूसाठी २०१० साली नागोया येथे पूरक करार झाला व तो १२ ऑक्टोबर २०१४ रोजी अमलात आला. द्रव्य वा ज्ञान घेण्यापूर्वी पूर्वसंमती, आणि परस्परमान्य अटींवर लाभाची वाटणी, हे त्याचे सार आहे.

या कराराची गरज आपल्याला अनुभवाने पटली आहे. व्रणरोपणासाठी हरिद्रेच्या वापरावर १९९५ साली अमेरिकेत एकस्व दिले गेले. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले व १९९७ साली ते रद्द झाले. निंबाच्या बुरशीनाशक गुणावरील युरोपीय एकस्व २००० साली रद्द झाले आणि २००५ साली त्यावर शिक्कामोर्तब झाले. ग्रंथाधार दाखविता आला म्हणून हे शक्य झाले. पारंपरिक ज्ञानाचा अंकीय ग्रंथालय प्रकल्प याच प्रेरणेतून २००१ साली सुरू झाला.

परंतु ज्याचे ज्ञान ग्रंथात नाही, त्याचे काय? १९८७ साली केरळातील अगस्त्य पर्वताच्या परिसरात शास्त्रज्ञांसोबत वाटाडे म्हणून गेलेले काणी जमातीचे लोक एक फळ खाऊन न थकता चालत होते. ती वनस्पती म्हणजे आरोग्यपच्चा. तिच्यापासून 'जीवनी' हा कल्प तयार झाला. तो तयार करण्याचा परवाना १० लाख रुपये शुल्क व २ टक्के स्वामित्वधन या अटींवर दिला गेला, आणि त्यातील निम्मा वाटा काणी समाजासाठी ठेवला गेला. पुढे पानांच्या पुरवठ्याबाबत अडचणी आल्या. तरीही ज्याने वाट दाखविली त्याला वाटा मिळावा, हे तत्त्व कायद्याच्या आधी प्रत्यक्षात आणण्याचा हा प्रयत्न जगभर अभ्यासला गेला.

भारताने या करारास अनुसरून जैविक विविधता अधिनियम, २००२ केला. चेन्नई येथे राष्ट्रीय प्राधिकरण, तर आपल्या राज्यात नागपूर येथे जैवविविधता मंडळ आहे. लाभाची वाटणी केवळ परकीय कंपन्यांना लागू आहे, असा समज औषधनिर्मात्यांत होता. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २१ डिसेंबर २०१८ च्या निर्णयात तो अमान्य केला. पुढे २०२३ च्या दुरुस्तीने संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान, लागवडीतील औषधी वनस्पती आणि नोंदणीकृत आयुष चिकित्सक यांना सवलती दिल्या. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आहे. संहिताबद्ध ज्ञान वगळल्याने वनवासी समाजाचा वाटा घटेल, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला आहे. आपण लाभार्थी असल्यामुळे तो आक्षेप ऐकून घेणे आपले विशेष कर्तव्य ठरते. कुटकी ग्रंथात आहे हे खरे. पण ती कोणत्या उतारावर, कोणत्या ऋतूत, किती राखून खणावी, हे ज्ञान खणणाऱ्याच्या हातात आहे.

वैद्यवर्गाने काय करावे

वरील विवेचनाचा व्यवहारात उपयोग व्हावा म्हणून काही सूचना मांडतो.

१) कच्च्या मालाच्या देयकावर शास्त्रीय नाव, उपयुक्तांग आणि उगम, म्हणजे वन्य की लागवडीचा, यांचा उल्लेख मागावा. सर्वांनी मागितल्याशिवाय व्यापारी तो देणार नाहीत.

२) लागवडीच्या द्रव्यास प्राधान्य द्यावे, मग दर थोडा अधिक का असेना. हिमाचलातील लाहौल भागात कुष्ठाची लागवड दीर्घकाळ होत आली आहे.

३) प्रतिनिधिद्रव्यांचा शास्त्रोक्त विचार पुन्हा सुरू करावा. भावप्रकाशात अतिविषेच्या अभावी मुस्ता सांगितली आहे. पुष्करमूळाच्या अभावी मात्र कुष्ठ सांगितले आहे, जे आज स्वतःच दुर्मिळ आहे. म्हणजे ही यादी कालानुरूप तपासली पाहिजे, आणि ते काम आपल्या महाविद्यालयांतील द्रव्यगुण विभागांचे आहे.

४) पारद असलेले वा सायटीस परिशिष्टातील द्रव्यांचे औषध परदेशी जाणाऱ्या रुग्णास देताना तेथील नियमांची कल्पना द्यावी. शक्य तेथे पर्यायी कल्प योजावा.

५) चिकित्सालयातील जुने पारदयुक्त रक्तदाबमापक व तापमापक कचऱ्यात टाकू नयेत. ते घातक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच द्यावेत.

उपसंहार

करार पोकळ असतात, मोठी राष्ट्रे ते पाळीत नाहीत, अशी तक्रार ऐकू येते आणि ती सर्वस्वी खोटी नाही. परंतु ओझोन थराच्या रक्षणासाठी १९८७ साली झालेला माँट्रियल करार जगातील सर्व राष्ट्रांनी स्वीकारला आणि घातक वायूंचे उत्पादन बहुतांशी थांबले, हेही तितकेच खरे आहे. देशोदेशींच्या निर्बंधांमुळे आपले शास्त्र संकटात येते, असे मानणारा एक वर्ग आपल्यात आहे. त्यास आमचे नम्र निवेदन असे की, कुटकी उपटून संपली तर आरोग्यवर्धिनीचा पाठ ग्रंथात राहील, गुटी मात्र राहणार नाही. निर्बंध जाचक वाटले तर त्यांत सुधारणा सुचविता येते, नामशेष झालेल्या वनस्पतीस पर्याय सुचविता येईलच असे नाही.

जनपदाच्या उद्ध्वंसाचे मूळ आत्रेयांनी अधर्मात व प्रज्ञापराधात सांगितले. भूमी विरस होण्यापूर्वी औषधी संग्रहित करण्याची त्यांची आज्ञा आज आपल्याला वेगळ्या रीतीने पाळावी लागेल. तो संग्रह आता कोठारात न करता वनात, शेतात आणि उगमाच्या प्रामाणिक नोंदींत करावयाचा आहे.